निदान एकाचे, आजार घरादाराचा



गेल्या दोन महिन्यांत आमच्याकडे तीन पत्रे आली आणि तिन्ही पत्रांतला प्रश्न थोड्याफार फरकाने एकच आहे. भंडारा जिल्ह्यातल्या एका भगिनीने तो सर्वांत स्वच्छ शब्दांत विचारला. तिच्या थोरल्या मुलाला पाच वर्षे निरनिराळे डॉक्टर 'वात' म्हणून औषध देत राहिले. सहाव्या वर्षी सिकलसेल निघाला. तोवर धाकटी मुलगी झालेली होती, आणि तिलाही तोच आजार. ही भगिनी लिहिते, 'मुलाचे निदान चुकले त्याची भरपाई मागता येते असे लोक सांगतात. पण मुलीचे काय? वेळेवर कळले असते तर आम्ही विचार करून पाऊल टाकले असते. डॉक्टरांची जबाबदारी फक्त खाटेवरच्या लेकराची, की आम्हा घरच्यांचीही?'

आम्ही डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. दिवसभर कचेरीत फायली हलवणारे, बी.कॉम. झालेले कारकून. पण बरीच वर्षे वस्तीतल्या माणसांबरोबर दवाखान्याच्या रांगेत उभे राहिल्यामुळे कागद कसा वाचावा आणि कागद कसा मागावा, एवढे आम्हाला कळते. तेवढ्याच जोरावर या प्रश्नाला उत्तर देतो आहोत. आणि उत्तर आधीच सांगून टाकतो. रक्तातून उतरणाऱ्या आजाराचे निदान एका माणसाचे नसतेच. लेकराच्या कागदावर 'सिकल' लिहून आई-बापाला आणि भावंडांना तपासायला न बोलावणाऱ्या डॉक्टरने अर्धेच काम केलेले असते.

सिकलसेल म्हणजे काय हे विदर्भातल्या वाचकांना सांगायला नको असे आम्हाला वाटत होते, पण पत्रे वाचून तसे दिसत नाही. हा संसर्गाने लागणारा आजार नव्हे. ताटातले खाल्ल्याने, अंथरूण एक झाल्याने तो होत नाही. तांबड्या पेशी गोल असायच्या, त्या प्राणवायू कमी पडला की विळ्यासारख्या वाकतात, कडक होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकून बसतात. मग हाडे, सांधे, पोट, छाती यांत जीव नकोसा करणारी कळ येते. रक्त कमी होते, डोळे पिवळे दिसतात. आई आणि वडील दोघांकडूनही सिकलचे जनुक आले तर मूल आजारी, कागदावर 'एसएस'. एकाकडूनच आले तर ते वाहक, कागदावर 'एएस'. वाहक माणूस धडधाकट असतो, कष्ट करतो, म्हातारा होतो. बहुतेकांना आपण वाहक आहोत याचा पत्ताही नसतो.

दोन वाहकांचा संसार असेल तर प्रत्येक गर्भाच्या वेळी चारात एक शक्यता आजारी मुलाची, चारात दोन वाहक मुलाची आणि चारात एक साध्या मुलाची. इथे 'प्रत्येक' हा शब्द महत्त्वाचा. पहिले लेकरू आजारी निघाले, आता पुढची तीन सुटली, असा हिशेब चांगल्या शिकल्यासवरल्या घरांतही ऐकायला मिळतो. हे उधारीचे खाते नाही की एकदा हप्ता भरला आणि मोकळे झालो. दर खेपेला फासा नव्याने पडतो.

हा आजार १९१० साली अमेरिकेत शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी प्रथम वैद्यकीय मासिकात नोंदवला. आपल्या देशात १९५२ साली निलगिरीच्या डोंगरातल्या आदिवासींमध्ये तो सापडला. आणि १९५८ साली डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलच्या वाहकांविषयीचा लेख 'लॅन्सेट' या जगप्रसिद्ध मासिकात छापला. हे साल वाचकांनी लक्षात ठेवावे. साठ वर्षांहून अधिक काळ हा आजार आपल्या भागात आहे हे वैद्यकशास्त्राच्या दप्तरी नोंदलेले आहे. बौद्ध समाजात तो बराच आहे. गोंड, माडिया, भिल्ल, पावरा अशा आदिवासींत आहे. कुणबी, तेली आणि इतरही समाजांत आहे. आफ्रिकेत, अरबस्तानात, ग्रीसमध्येही आहे. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप होता तिथे हे जनुक टिकले, कारण वाहक मुले हिवतापाने मरण्यापासून बऱ्याच प्रमाणात वाचली. डॉ. अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली हे आफ्रिकेतल्या अभ्यासातून मांडले. तेव्हा 'आपल्याच जातीला का' म्हणून मान खाली घालण्याचे काही कारण नाही.

आता निदान चुकते कसे ते पाहू. मागच्या पावसाळ्यात शेजारच्या वस्तीतला एक बाप पिशवीभर कागद घेऊन आमच्याकडे आला. मजूर माणूस. कागद सगळे, पण उलटेसुलटे. आम्ही ते जमिनीवर मांडून तारीखवार लावले, आणि जे साडेतीन वर्षांत कोणाला दिसले नव्हते ते पंधरा मिनिटांत डोळ्यांसमोर आले. त्यासाठी डॉक्टर असावे लागत नाही. पहिल्या चिठ्ठीवर दहा महिन्यांच्या बाळाचे हातपाय सुजल्याची नोंद. पुढे हिमोग्लोबिन साडेसहा, मग सात, मग पुन्हा साडेसहा. प्रत्येक वेळी लोहाचे टॉनिक. मग एका ठिकाणी कावीळ. दुसऱ्या ठिकाणी सांधेदुखी आणि दर तीन आठवड्यांनी इंजेक्शन. दोनदा रक्ताची बाटली. एकदा पोटदुखीसाठी अपेंडिक्सचा संशय. पाच दवाखाने, पाच निदाने. घरात आणखी कोणाला असे होते का, हा साधा प्रश्न एकाही कागदावर नाही.

पण खरे सांगायचे ते पुढेच आहे. सातव्या चिठ्ठीच्या तळाशी एका डॉक्टरने घाईघाईत लिहिलेले होते, 'सिकलिंग तपासणे'. म्हणजे एकाच्या डोक्यात ते आले होते! रक्त घेतले गेले का, गेले असल्यास अहवाल कुठे गेला, याचा कुठेच मागमूस नाही. पुढच्या भेटीत दुसरा डॉक्टर खुर्चीवर होता, त्याने मागचा कागद उलटून पाहिला नाही. आम्ही बापाला विचारले, तुम्ही अहवाल मागितला नाही का? तो म्हणाला, 'आम्हाले वाटलं भाऊ, रिपोट चांगला असन म्हणून कोणी काई बोललं नाई जी.'

हे वाक्य आम्ही अनेक घरांत ऐकले आहे. कोणी काही बोलले नाही, म्हणजे सगळे ठीक असेल. गरीब माणूस डॉक्टरच्या मौनाचा असा अर्थ लावतो. श्रीमंतही लावतो म्हणा, पण त्याच्याकडे पुन्हा विचारायला दुसरा डॉक्टर असतो.

आता हे फक्त आपल्याकडच्या गरीब दवाखान्यांचे दुखणे आहे असे कोणी समजू नये. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली निकाल दिलेल्या एका खटल्यात जवळजवळ हेच घडले होते. तिथला आजार वेगळा, 'फ्रॅजाइल एक्स' नावाचा, मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर परिणाम करणारा आणि घराण्यातून उतरणारा. एका लहान मुलीची वाढ मागे पडत होती. १९९२ साली डॉक्टरांनी तपासण्या करायचे ठरवले, त्यात या आजाराचीही तपासणी व्हायची होती. ती झालीच नाही. बाकीचे अहवाल बरे आले आणि आईला वाटले की सगळेच बरे आले. काही वर्षांनी, दुसऱ्या पतीपासून तिला मुलगा झाला. त्यालाही तोच आजार. आई कोर्टात गेली. डॉक्टरांचे म्हणणे असे की आमची पेशंट मुलगी होती, आई नव्हे. आईशी आमचे नाते काय? न्यायालयाने ते मानले नाही. आनुवंशिक आजाराची तपासणी आणि निदान करताना डॉक्टरचे कर्तव्य पेशंटपाशी संपत नाही. ज्या जन्मदात्यांना चुकीमुळे नुकसान पोहोचेल हे आधीच कळण्यासारखे आहे, त्यांच्यापर्यंत ते पोहोचते, असा निर्वाळा दिला. भंडाऱ्याच्या भगिनीचा प्रश्न शब्दाला शब्द लावून हाच आहे.

परदेशी कोर्टाचा निकाल आपल्या कोर्टावर बंधनकारक नसतो, हे उघड आहे. पण आपल्याकडेही हात रिकामे नाहीत. १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने स्प्रिंग मेडोज हॉस्पिटलच्या खटल्यात सांगितले, की लहान मुलाला दवाखान्यात नेणारे आई-बाप आणि ते मूल, दोघेही कायद्याच्या दृष्टीने ग्राहक आहेत. तिथे टायफॉइडच्या मुलाला भलतेच इंजेक्शन शिरेतून दिले गेले आणि त्याच्या मेंदूला कायमची इजा झाली. मुलाला साडेबारा लाख आणि आई-बापाला त्यांच्या मनस्तापाबद्दल वेगळे पाच लाख मंजूर झाले. वेगळे, हा शब्द पाहा. आई-बापाचे दुःख हे मुलाच्या दुखण्यात मिळवून टाकायची किरकोळ रक्कम नव्हे, हे त्या निकालाने कागदावर आणले.

दुसरा निकाल आमच्या विषयाच्या आणखी जवळचा आहे. १९९६ साली चेन्नईच्या एगमोरच्या सरकारी इस्पितळात एक मुलगी दिवस भरण्याआधी, अवघ्या सव्वा किलो वजनाची जन्मली. अशा बाळांच्या डोळ्यांच्या पडद्याला धोका असतो; ठरावीक आठवड्यांत तपासले तर दृष्टी वाचवता येते. तपासणी झाली नाही. आई-बापाला तशी काही जोखीम आहे असे कोणी सांगितलेही नाही. मूल आंधळे झाले. जन्मापासून अंतिम निकालापर्यंत जवळजवळ एकोणीस वर्षे गेली (आम्ही कारकून असूनही हा आकडा लिहिताना हात अडखळतो), आणि १ जुलै २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुमारे १ कोटी ८० लाख रुपये भरपाई दिली. तिथे डॉक्टरांनी काही चुकीचे कापले नव्हते, चुकीचे औषध पाजले नव्हते. तपासले नाही आणि घरच्यांना सांगितले नाही, एवढ्यावर न्यायालयाने डॉक्टरांना आणि सरकारला जबाबदार धरले.

तिसरी गोष्ट तर डॉक्टरांच्या स्वतःच्या आचारसंहितेत आहे. भारतीय वैद्यक परिषदेचे २००२ सालचे वर्तणूक नियम आजही लागू आहेत. २०२३ साली नवे नियम आले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले. या २००२ च्या नियमांत आजाराच्या भवितव्याबद्दल एक कलम आहे. त्याचा मथितार्थ असा, की डॉक्टरने दुखणे वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. आणि पेशंटच्या व त्याच्या कुटुंबाच्या हिताला लागेल एवढी माहिती पेशंटला, नातेवाइकांना मिळाली आहे याची त्याने स्वतः खात्री करावी. कुटुंबाच्या हिताला! सिकलसेलमध्ये कुटुंबाचे हित म्हणजे दुसरे काय? आई-बाप वाहक आहेत हे त्यांना कळणे, भावंडांची तपासणी होणे, पुढच्या गरोदरपणात दहा-बारा आठवड्यांच्या सुमारास गर्भाची तपासणी करता येते हे वेळेवर कानावर पडणे. ही माहिती लपवली गेली किंवा आळसाने राहून गेली, तर नियमातल्या कलमाचा भंग झाला असे म्हणायला आम्ही कचरणार नाही.

इथे डॉक्टरांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. चुकलेले प्रत्येक निदान हा गुन्हा नसतो. सर्वोच्च न्यायालयाने २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात हे बजावून सांगितले आहे. निर्णयातली चूक वेगळी, निष्काळजीपणा वेगळा आणि फौजदारी खटला चालावा असा घोर निष्काळजीपणा आणखी वेगळा. साधारण बरा डॉक्टर त्या परिस्थितीत जे करील ते केले की नाही, ही कसोटी. त्यामुळे मूल गेले की लगेच पोलीस चौकीत धाव घेऊन डॉक्टरला अटक करा म्हणणे, काचा फोडणे, यातून काहीही हाती लागत नाही. उलट आपली बाजू दुबळी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर एका सकाळी शंभर-दीडशे माणसे पाहतो. पहिल्याच भेटीत त्याला सिकल सुचला नाही म्हणून त्याला आरोपी करणे न्यायाचे नाही.

पण कसोटी 'त्या परिस्थितीत' अशी आहे, हे आपणही विसरू नये. लंडनमध्ये बसलेल्या डॉक्टरला सांधेदुखीच्या मुलात सिकल नाही सुचला तर समजू शकते. नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया इथे पाटी लावून बसलेल्या डॉक्टरला, पुन्हा पुन्हा रक्त कमी होणारे, डोळे पिवळे होणारे, हाडे दुखणारे मूल तिसऱ्यांदा समोर आले तरी सुचत नसेल, तर त्याला परिस्थितीचे कारण पुढे करता येणार नाही. विद्राव्यतेची प्राथमिक तपासणी स्वस्त आहे, काही मिनिटांची आहे. आणि कारण न शोधता लोहाचे टॉनिक पाजत राहणे हा उपाय नव्हे. सिकलच्या रोग्याला लोहाची कमतरता सिद्ध झाल्याशिवाय लोह देऊ नये, विशेषतः त्याला रक्त चढवले जात असेल तर, कारण अंगात लोह साचून नवेच दुखणे उभे राहते. मुंबईच्या एका प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने होमिओपॅथीची पदवी असलेल्या डॉक्टरला दोषी धरले. त्याने तापाच्या रोग्याला अ‍ॅलोपॅथीची औषधे दिली आणि टायफॉइडची खातरजमा करणारी तपासणी न करताच उपचार चालू ठेवले, रोगी दगावला. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी दवाखान्यांच्या पाटीवर नेमकी कोणती पदवी लिहिली आहे, ती एकदा नीट वाचावी.

निदान चुकल्याने नुकसान किती होते याचा अंदाज यावा म्हणून थोडे सांगतो. सिकल लहानपणी कळला तर पेनिसिलिन आणि लसी देऊन जंतुसंसर्गाने जाणारी मुले वाचवता येतात. फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, थंडी आणि अतिश्रमापासून जपणूक, आणि हायड्रॉक्सियुरिया हे औषध, यांनी कळांचे हल्ले बरेच कमी होतात. पानथरी एकाएकी कशी वाढते हे आईला पोटाला हात लावून पाहायला शिकवले तर वेळेवर दवाखाना गाठता येतो. नाही कळला तर हे सगळे हुकते. शाळा बुडते, पोर 'कामचोर' ठरते. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश झाला आहे. निदानाचा कागदच नसेल तर त्या हक्कांपर्यंत पोहोचायचे कसे?

आता घरातल्या गोष्टीकडे वळू, कारण डॉक्टरने सांगितल्यावर पुढे काय होते हेही आम्ही पाहिले आहे. मुलाला सिकल निघाला की पहिला बोट सुनेकडे. 'तिच्या माहेरून आला.' आमच्या ओळखीच्या एका घरी सासूने सुनेला तीन महिने माहेरी पाठवले होते. आम्ही दोघे-तिघे जाऊन बसलो आणि सासूबाईंना एवढेच म्हटले, 'मावशी, मूल एसएस आहे म्हणजे निम्मे सुनेकडून आणि निम्मे तुमच्या लेकाकडून आले. लेकाचे तेवढे रक्त तपासून आणा.' लेकाचा अहवाल 'एएस' आला. मावशी दोन दिवस कोणाशी बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतः जाऊन सुनेला घेऊन आल्या. हे समजावण्याचे काम खरे तर अहवाल देणाऱ्या डॉक्टरचे होते. पाच मिनिटे आई-बापाला शेजारी शेजारी बसवून एक आकृती काढून दाखवली असती तर त्या मुलीचे तीन महिने वाचले असते. म्हणून आम्ही म्हणतो की घरच्यांना सांगणे ही डॉक्टरची मेहेरबानी नाही, तो उपचाराचाच भाग आहे.

मात्र सांगायचे ते ज्याचे त्याला, आणि चारचौघांत नव्हे. एका तपासणी शिबिरात वाहकांची यादी नावानिशी फळ्यावर लावलेली आम्ही पाहिली आणि तिथल्या तिथे काढायला लावली. त्या यादीत लग्नाच्या वयाच्या मुली होत्या. शिबिरातली ती पहिली तपासणी 'पॉझिटिव्ह' आली एवढ्याने वाहक की रोगी हे कळतही नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी करावी लागते. अर्धवट माहिती फळ्यावर टांगून कोणाचे भले होणार होते?

या बाबतीत अमेरिकेतल्या काळ्या बांधवांचा अनुभव आपल्याला जवळचा वाटावा. ज्या ब्लॅक पँथर पक्षाच्या नावावरून १९७२ साली मुंबईत आपल्या तरुणांनी दलित पँथर उभी केली, त्या पक्षाने १९७१ पासून वस्त्यावस्त्यांत सिकलसेलची मोफत तपासणी सुरू केली होती. सरकारचे लक्ष नाही तर आम्ही करतो, ही भूमिका. १९७२ साली तिथे सिकलसेलचा कायदाही झाला. पण त्याच काळात काही राज्यांनी तपासणी सक्तीची केली, आणि धडधाकट वाहकांना नोकऱ्या आणि विमे नाकारले गेले. तिथल्या हवाई दलाच्या अकादमीत वाहकांना १९८१ पर्यंत प्रवेश नव्हता. तपासणी चांगली, पण तिचा कागद कोणाच्या हातात पडतो यावर पुढचे अवलंबून असते.

आपल्याकडेही काम करणारी माणसे आहेत. नागपूरचे संपत रामटेके यांनी या आजाराच्या रोग्यांसाठी केलेल्या कामाची दखल घेऊन २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल येथे सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन, असे उद्दिष्ट आहे. सात कोटी कार्डे वाटून झाली तरी कार्डावरच्या 'एएस' या दोन अक्षरांचा अर्थ माणसाला कोणी बसून सांगितला का, हे आम्ही विचारत राहणार.

आता ज्यांना दाद मागायची आहे त्यांच्यासाठी. खासगी दवाखाना असेल, पैसे दिले असतील, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. डॉक्टरांची सेवा या कायद्यात येते हे १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने व्ही. पी. शांता खटल्यात ठरवले. आता २०१९ चा नवा कायदा आहे. त्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल होते, आणि दवाखान्याला दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क लागत नाही. जिथे सर्वांनाच सगळे फुकट आहे अशा सरकारी दवाखान्याला हा मार्ग सहसा लागू पडत नाही. तिथे दिवाणी दावा करावा लागतो. डॉक्टरच्या वर्तणुकीबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे तक्रार दोन्ही बाबतींत करता येते, पण परिषद भरपाई देत नाही.

ग्राहक आयोगाची मुदत दोन वर्षांची. यात फार घरे बुडतात. नुकसान उशिरा उघड झाले तर मुदत ते कळल्यापासून मोजता येते. पण कळण्यासारखे असूनही गप्प बसलात तर नाही. मुंबईतल्या एका शस्त्रक्रियेत पोटात कापडाचा बोळा राहिला होता. पेशंट स्वतः परिचारिका. नऊ वर्षे पोट दुखत राहिले, त्या गोळ्या घेत राहिल्या, पुन्हा त्या डॉक्टरकडे गेल्या नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली त्यांची तक्रार मुदतबाह्य ठरवली. भंडाऱ्याच्या भगिनीने मुलाच्या निदानाची तारीख आणि मुलीच्या निदानाची तारीख दोन्ही कागदावर लिहून आजच वकिलाकडे जावे. आई-बापही ग्राहक आहेत हा १९९८ चा निकाल आणि न सांगण्याबद्दलचा २०१५ चा निकाल, दोन्ही वकिलांना दाखवावेत.

आणि सर्वांत आधी कागद. आंतररुग्णाची कागदपत्रे डॉक्टरने तीन वर्षे जपून ठेवायची आणि मागितल्यावर ७२ तासांत द्यायची, हे त्याच २००२ च्या नियमांत आहे. तोंडी मागू नये. साध्या कोऱ्या कागदावर असे लिहावे:

'मा. वैद्यकीय अधीक्षक यांस, माझा मुलगा (नाव, वय) हा आपल्या रुग्णालयात अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत दाखल होता. नोंदणी क्रमांक अमुक. त्याचे केसपेपर, रक्ताचे सर्व अहवाल, रक्त चढवल्याच्या नोंदी व डिस्चार्ज कार्ड यांच्या प्रती मला मिळाव्यात. तसेच त्याच्या सिकलसेल तपासणीचा निष्कर्ष आणि आई, वडील व भावंडांच्या तपासणीबाबत आपला सल्ला लेखी द्यावा, ही विनंती.'

शेवटचे वाक्य गाळू नये. त्यावर लेखी उत्तर आले तर घराला सल्ला मिळाला. नाही आले तर तेही पुढे कामाला येते. अर्जाच्या दोन प्रती कराव्यात, दुसरीवर शिक्का आणि तारखेसह पोच घ्यावी. घेत नसतील तर पोच मिळेल अशा रीतीने स्पीड पोस्टाने पाठवावा. भावंडांची तपासणी करून घेताना सहा महिन्यांच्या आतल्या बाळाची प्राथमिक तपासणी भरवशाची नसते, हे ध्यानात ठेवावे. आणि कोणाला रक्त चढवून तीन महिने झाले नसतील तर ती तारीख तपासणीच्या चिठ्ठीवर आवर्जून लिहायला लावावी, कारण तेव्हा नळीत दुसऱ्याचेही रक्त असते.